शेअर केलेला फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडत नसेल तर

विदर्भातल्या खेड्यांत एकाच घरात दोन-तीन संगणक असणे ही आता नवलाई राहिलेली नाही. समोरच्या खोलीत आपले सरकार सेवा केंद्राचा डेस्कटॉप आणि स्कॅनर असतो, आत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या सुनेचा लॅपटॉप असतो, आणि अमरावतीला किंवा नागपूरला शिकणारा मुलगा सुटीत घरी आला की त्याचा तिसरा. सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याच्या पावत्या, शाळेच्या निकालपत्रकांच्या एक्सेल फाइली एकाच ठिकाणी राहाव्यात आणि सगळ्यांना उघडता याव्यात, म्हणून एका संगणकावरचा फोल्डर शेअर केला जातो. तो काही महिने बिनबोभाट चालतो आणि नेमका अर्ज भरण्याच्या गर्दीत उघडेनासा होतो. अशा वेळी तालुक्याच्या दुकानातून माणूस येईपर्यंत थांबण्याची गरज बहुतेकदा नसते. क्रमाने तपासत गेल्यास दोष घरच्या घरी सापडतो.

या लेखात ज्या संगणकावर फोल्डर प्रत्यक्ष ठेवलेला आहे त्याला ‘मुख्य संगणक’ आणि ज्यावरून तो उघडायचा आहे त्याला ‘दुसरा संगणक’ म्हटले आहे. दोन्हींवर विंडोज १० किंवा विंडोज ११ आहे, असे गृहीत धरले आहे. कमांडची आणि सेटिंगची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी कमांड टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागते आणि आकडेही इंग्रजीच द्यावे लागतात.

तक्रार नेमकी कोणती, हे आधी ठरवावे

‘शेअरिंग बंद पडले’ असे सांगणाऱ्याच्या मनात तीन वेगवेगळ्या तक्रारींपैकी एखादी असते. पहिली, दुसऱ्या संगणकाला मुख्य संगणक सापडतच नाही. तेव्हा बहुधा ०एक्स८००७००३५ हा क्रमांक आणि ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ असा संदेश येतो. दुसरी, मुख्य संगणक सापडतो, पण तो नाव आणि पासवर्ड मागतो आणि दिलेला पासवर्ड नाकारतो. तिसरी, फोल्डर दिसतो, पण आत शिरता येत नाही, किंवा फाइल वाचता येते आणि सेव्ह मात्र होत नाही. पहिलीचा संबंध नेटवर्कशी, दुसरीचा ओळखीशी आणि तिसरीचा परवानगीशी आहे. तपासणी याच क्रमाने करावी, कारण खालची पायरी पक्की नसताना वरच्या पायरीवर केलेला कोणताही उपाय वायाच जातो.

हे सांगण्याचे कारण असे की, इंटरनेटवर किंवा व्हिडिओत सापडणारे बरेच उपाय भलत्याच पायरीसाठी असतात. लोक फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) बंद करतात, पासवर्डची अट काढून टाकतात, जुना प्रोटोकॉल (फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करतात. यातल्या कशाने तरी फोल्डर उघडतो, पण कशाने उघडला ते कळत नाही आणि मुख्य संगणक मात्र कायमचा उघडा पडतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, उपयोग झाला नाही तर तो पूर्ववत करावा, आणि पडद्यावर आलेल्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

पहिली तपासणी मुख्य संगणकावरच करावी. ‘सीएमडी’, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘नेट शेअर’ ही कमांड दिली की शेअर केलेल्या सर्व फोल्डरांची यादी येते. त्यात डॉलरचे चिन्ह असलेली नावे विंडोजची स्वतःची असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. आपल्या फोल्डरचे नाव त्या यादीत नसेल, तर शेअरच नाहीसा झाला आहे आणि पुढची कोणतीही तपासणी करण्याआधी तो नव्याने करावा लागेल. फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर असेल तर हे हमखास घडते, कारण डिस्क काढून पुन्हा लावल्यावर तिचे अक्षर ‘ई’ऐवजी ‘एफ’ झाले की विंडोजच्या लेखी जुना फोल्डर अस्तित्वातच राहत नाही. मुख्य संगणक झोपेत, म्हणजे ‘स्लीप’मध्ये गेला असेल तरीही तो कोणालाच सापडत नाही. सेवा केंद्राच्या डेस्कटॉपवर ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये जाऊन, वीज जोडलेली असताना स्लीप ‘नेव्हर’ करून ठेवणेच बरे. पडदा बंद झाला तरी चालते.

दोन्ही संगणक खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का

आपल्याकडे सर्वात जास्त बिघाड याच ठिकाणी असतो आणि त्यामागे बहुधा वीज असते. भारनियमनात किंवा वाऱ्या-वादळात वीज गेली की राऊटर बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि घरातले कोणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून त्याला जोडते. वीज परत आल्यावर डेस्कटॉप राऊटरशी जोडला जातो, लॅपटॉप मात्र मोबाइललाच चिकटून राहतो. दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण ते दोन वेगळ्या नेटवर्कवर असतात आणि एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. तेव्हा लॅपटॉपच्या घड्याळाशेजारचे वाय-फायचे चिन्ह उघडून तेथे घरच्या राऊटरचेच नाव आहे ना, हे आधी पाहावे.

नाव बरोबर असले तरी पत्ता तपासावा. दोन्ही संगणकांवर ‘सीएमडी’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्यावी आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीसमोरचा आकडा लिहून घ्यावा. घरगुती नेटवर्कवर तो साधारणपणे १९२.१६८ ने सुरू होतो. एकावर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.८ असा पत्ता असेल, म्हणजे पहिले तीन आकडे जुळत असतील, तर दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत असे बहुतेक घरांत समजता येते. एखाद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, तर त्या संगणकाला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. अशा वेळी केबल घट्ट बसली आहे का, पोर्टवरचा दिवा लुकलुकतो का, हे पाहून राऊटर एकदा बंद करून चालू करावा. कौलांखालून किंवा पडवीतून ओढलेल्या केबलला उंदरांनी कुरतडलेले असणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. पावसाळ्यात वीज कडाडल्यानंतर राऊटरचे किंवा संगणकाचे फक्त नेटवर्कचे पोर्ट जळून जाणे, आणि बाकी यंत्र धडधाकट राहणे, हेही घडते. त्यामुळे केबल राऊटरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी.

पहिले तीन आकडे जुळत नसतील, तर घरात दोन राऊटर आहेत का ते पाहावे. जाड मातीच्या भिंती आणि टिनाचे पत्रे यांच्यामुळे समोरच्या खोलीतले वाय-फाय मागच्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून लोक बाजारातून आणखी एक राऊटर आणतात आणि पहिल्यातून निघालेली केबल दुसऱ्याच्या ‘वॅन’ (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टमध्ये लावतात. असे केले की दुसरा राऊटर स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करतो. उदाहरणार्थ, जिओफायबरच्या राऊटरकडून मिळणारे पत्ते १९२.१६८.२९ ने सुरू होतात, तर नव्या राऊटरकडून मिळणारे १९२.१६८.० ने. याची खूण अशी की एका दिशेने फोल्डर उघडतो आणि उलट दिशेने उघडत नाही: आतल्या राऊटरवरचा लॅपटॉप पत्ता टाकून बाहेरच्या राऊटरवरच्या डेस्कटॉपपर्यंत पोहोचू शकतो, पण डेस्कटॉपला लॅपटॉप गाठता येत नाही. यावरचा सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (ज्यात राऊटर वेगळे नेटवर्क न करता फक्त वाय-फाय पुढे पोहोचवतो) असेल तर तो निवडणे. तो नसेल, तर दुसऱ्या राऊटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या नेटवर्कमधला, पण इतर कोणाला न दिलेला असा करावा, त्यावरचे ‘डीएचसीपी’, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे आणि पहिल्या राऊटरची केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टमध्ये लावावी. हे बदल याच क्रमाने करावेत, नाहीतर सेटिंगचे पान पुन्हा उघडणेच अवघड होऊन बसते.

एकच राऊटर असूनही अडचण असेल, तर दुसरा संगणक ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायला जोडलेला नाही ना, हे पाहावे. पाहुण्यांसाठीच्या त्या जोडणीवर इंटरनेट मिळते, पण घरातली इतर यंत्रे मुद्दामच दिसू दिली जात नाहीत. काही राऊटरांत मुख्य वाय-फायवरही ‘एपी आयसोलेशन’ नावाची अशीच एक सोय असते. ती बंद ठेवावी.

यादीवर विसंबू नये, पत्ता टाकून पाहावे

फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे ‘नेटवर्क’ असे लिहिलेले असते आणि तेथे संगणकांची यादी येते. नवख्या माणसाची समजूत अशी होते की यादीत नाव नाही म्हणजे जोडणी नाही. ती समजूत चुकीची आहे. यादी तयार करण्याचे काम वेगळे आणि फोल्डर उघडून देण्याचे काम वेगळे. यादी रिकामी असतानाही फोल्डर उत्तम चालू शकतो. म्हणून दुसऱ्या संगणकावर विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच मुख्य संगणकाचा पत्ता लिहावा, म्हणजे \\१९२.१६८.१.५ असे, आणि एंटर दाबावे.

फोल्डर उघडला, तर दोष फक्त नावाचा किंवा यादीचा आहे. या ठिकाणी समाधान मानून त्याच फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करून टाकले, म्हणजे तो एखाद्या ड्राइव्हसारखा जोडून ठेवला, तरी काम भागते. मात्र राऊटर प्रत्येक वेळी चालू झाल्यावर पत्ते नव्याने वाटू शकतो, आणि आज ५ असलेला शेवटचा आकडा उद्या ९ होऊ शकतो. ज्या गावात दिवसातून अनेकदा वीज जाते तेथे हा त्रास वारंवार होतो. त्यासाठी राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून मुख्य संगणकाला एक पत्ता कायमचा राखून द्यावा. राखीव पत्ता संगणकाच्या त्या विशिष्ट जोडणीला मिळतो. वाय-फायसाठी राखलेला पत्ता पुढे केबल लावल्यावर लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे.

यादी हवीच असेल, तर मुख्य संगणकावर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू आहे का ते पाहावे आणि तिचा ‘स्टार्टअप टाइप’ ‘ऑटोमॅटिक’ करावा. दोन संगणकांचे नाव एकच असल्यानेही घोळ होतो. दुकानात एका डिस्कवर विंडोज टाकून तिचीच नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली असेल, तर दोन्ही यंत्रे एकाच नावाने वावरतात. सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ येथे जाऊन एकाचे नाव बदलावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. नाव पंधरा अक्षरांच्या आत, इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावे. शेअरचे नावही इंग्रजीत असलेले सोयीचे. आतल्या फाइलींची नावे खुशाल मराठीत असू द्यावीत.

पत्ता टाकूनही उघडत नसेल तर

पत्ते जुळत असताना, ते टाकूनही ‘सापडत नाही’ असाच संदेश येत असेल, तर मुख्य संगणकाने दार लावून घेतले आहे असे समजावे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवते. पब्लिक म्हणजे बसस्थानकासारखी परक्यांची जागा, जेथे कोणालाच आत घेऊ नये; प्रायव्हेट म्हणजे घर. नवा राऊटर आणला, राऊटरचे नाव बदलले किंवा कंपनी बदलली, की विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटते आणि ते पब्लिकमध्ये जाऊन बसते. मुख्य संगणकावर सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग वाय-फाय किंवा इथरनेटचे ‘प्रॉपर्टीज’ येथे जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडावे.

त्यानंतर विंडोज ११ मध्ये त्याच ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधून ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि त्यात ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ उघडावे. विंडोज १० मध्ये हेच पान कंट्रोल पॅनलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये मिळते. तेथे प्रायव्हेट नेटवर्कखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही चालू करावीत. दुसरे चालू केले की विंडोजच्या फायरवॉलमधला आवश्यक तेवढाच मार्ग आपोआप मोकळा होतो.

मार्ग मोकळा झाला की नाही याची खात्री दुसऱ्या संगणकावरून करता येते. ‘पॉवरशेल’ ही कमांड देण्याची दुसरी खिडकी उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, मग मुख्य संगणकाचा पत्ता, आणि मग ‘-पोर्ट ४४५’ अशी कमांड द्यावी. विंडोजचे फोल्डर शेअरिंग याच ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते (हे केबलचे पोर्ट नव्हे, तर संगणकाच्या आतले क्रमांक दिलेले दार). शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले, तर नेटवर्कचा भाग निर्दोष आहे आणि पुढचा दोष ओळखीचा किंवा परवानगीचा आहे. ‘फॉल्स’ आले, तर दार अजून बंद आहे. नुसत्या ‘पिंग’वर, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहणाऱ्या कमांडवर, निष्कर्ष काढू नये, कारण पिंगला उत्तर न देणारा संगणकही फोल्डर देऊ शकतो. ‘फॉल्स’ येण्याचे उरलेले मोठे कारण म्हणजे वेगळे विकत घेतलेले अँटीव्हायरस. त्यातल्या अनेकांची स्वतःची फायरवॉल असते आणि ती विंडोजच्या सेटिंगला जुमानत नाही. तिच्यात घरचे नेटवर्क विश्वासाचे म्हणून नोंदवावे. ती कायमची बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे.

नाव आणि पासवर्ड

येथपर्यंत आलेले बहुतेक लोक अडतात ते याच पायरीवर, आणि चूक जवळजवळ नेहमी एकच असते: मुख्य संगणक उघडताना जो चार किंवा सहा आकडी पिन टाकला जातो, तोच येथेही टाकला जातो. पिन फक्त त्या यंत्राच्या समोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. येथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्डच्या जागी त्या ईमेल खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षे कोणी वापरलेला नसल्याने कोणाच्या लक्षातही नसतो.

दुसरी अडचण याच्या उलट असते. मुख्य संगणकाला पासवर्डच ठेवलेला नसतो आणि दुसऱ्या संगणकावर पासवर्डची जागा रिकामी सोडून काम होईल, असे वाटते. विंडोजच्या मूळ धोरणानुसार पासवर्ड नसलेल्या खात्याने फक्त यंत्रासमोर बसूनच आत जाता येते, नेटवर्कवरून जाता येत नाही.

या दोन्ही कटकटींवर एकच नीटस उपाय आहे, आणि आधीची व्यवस्था कशी का असेना, तो करावाच असा माझा आग्रह आहे. मुख्य संगणकावर केवळ शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक खाते तयार करावे. सेटिंग्ज, ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’, ‘ॲड अकाउंट’ असे जावे. विंडोज ईमेल मागेल, तेव्हा त्या माणसाची माहिती आपल्याकडे नाही असा पर्याय निवडावा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय घ्यावा. खात्याला ‘घर’ किंवा ‘केंद्र’ असे इंग्रजी अक्षरांत साधे नाव आणि एक बरा पासवर्ड द्यावा. खाते ‘स्टँडर्ड’च राहू द्यावे, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ करू नये. मग दुसऱ्या संगणकावर विचारणा झाली की आधी मुख्य संगणकाचे नाव, मग एक उलटी तिरपी रेघ, आणि मग या खात्याचे नाव असे लिहावे, पासवर्ड द्यावा आणि ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’वर खूण करावी. घरातल्या कोणाचा पिन बदलला, कोणाचा ईमेल पासवर्ड बदलला, तरी या खात्याला धक्का लागत नाही.

बरोबर पासवर्ड देऊनही नकार येत असेल, तर दुसऱ्या संगणकाने जुनी माहिती जपून ठेवलेली असते. कंट्रोल पॅनलमधले ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये मुख्य संगणकाच्या नावाची किंवा पत्त्याची जी नोंद असेल ती काढून टाकावी. कधी कधी एकाच संगणकाशी दोन वेगळ्या नावांनी जोडता येणार नाही अशा अर्थाचा १२१९ क्रमांकाचा संदेश येतो. तेव्हा ‘सीएमडी’त ‘नेट यूज * /डिलीट’ ही कमांड देऊन सगळ्या जोडण्या तोडाव्यात आणि नव्याने जोडावे. दोन्ही संगणकांवरच्या तारखा आणि वेळाही एकदा पाहाव्यात. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असेल, तर वीज गेल्यावर त्याचे घड्याळ मागे जाते आणि वेळेत मोठे अंतर पडल्यास बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो.

दुकानातून नक्कल करून आणलेल्या डिस्कचा उल्लेख वर आला आहे. तिचा त्रास केवळ नावापुरता नसतो. अशा दोन यंत्रांचा आतला सुरक्षा ओळखक्रमांकही एकच राहतो. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून आलेल्या अद्यतनांनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्या असा समान क्रमांक असलेल्या यंत्रांना एकमेकांत प्रवेश नाकारतात. दोन्ही डेस्कटॉप एकाच दिवशी एकाच दुकानातून आले, आधी शेअरिंग चालत होते आणि एका अपडेटनंतर काही केल्या पासवर्ड चालत नाही, असे वर्णन जुळत असेल, तर सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही. एका यंत्रावर विंडोज नव्याने टाकून घ्यावे आणि दुकानदाराला नक्कल न करता टाकायला सांगावे.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून हा सगळा प्रश्न एका क्लिकमध्ये सोडवावा, असा सल्ला सर्रास मिळतो. ज्या फोल्डरमध्ये गावकऱ्यांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती आहेत, तो असा उघडा टाकणे योग्य नाही. केंद्रात बसलेल्या कोणीही वाय-फायचा पासवर्ड मागून घेतला की त्याला मोबाइलवरूनही ते सर्व वाचता येईल. शिवाय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाची ‘गेस्ट’ जोडणी दुसऱ्या संगणकाकडूनच नाकारली जाते, त्यामुळे हा सल्ला आता अनेकदा लागूही पडत नाही.

आत शिरता येते, पण काम करता येत नाही

शेअर केलेल्या फोल्डरला दोन ठिकाणी परवानग्या असतात आणि दोन्ही तपासाव्या लागतात. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यावर ‘शेअरिंग’ या भागात नेटवर्कवरून येणाऱ्यांची परवानगी असते आणि ‘सिक्युरिटी’ या भागात डिस्कवरच्या फाइलींची. दोन्हींपैकी जी जास्त कडक असेल ती लागू होते. ‘शेअरिंग’मध्ये सगळे अधिकार दिले आणि ‘सिक्युरिटी’मध्ये ते नाव जोडायचे राहिले, तर फोल्डरचे नाव दिसेल, पण उघडायला गेल्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल.

म्हणून ‘शेअरिंग’मधले ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ उघडून ‘परमिशन्स’मध्ये वर तयार केलेले खाते जोडावे आणि त्याला ‘चेंज’ द्यावे. मग ‘सिक्युरिटी’मध्ये ‘एडिट’, ‘ॲड’ करून तेच खाते जोडावे आणि त्याला ‘मॉडिफाय’ द्यावे. ‘फुल कंट्रोल’ची गरज नसते. पूर्ण ड्राइव्ह शेअर करू नये, आणि ‘डेस्कटॉप’ किंवा ‘डॉक्युमेंट्स’ही करू नयेत, कारण हे फोल्डर अनेकदा वनड्राइव्हच्या ताब्यात असतात आणि त्यातल्या काही फाइली संगणकावर नसून फक्त इंटरनेटवर असतात. ‘डी’ ड्राइव्हवर एक वेगळा फोल्डर करून तोच शेअर करणे उत्तम.

काही फाइली उघडतात आणि काही उघडत नाहीत, असा प्रकारही दिसतो. एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून कट करून दुसऱ्यात पेस्ट केलेली फाइल आपली जुनी परवानगी बरोबर घेऊन येते. कॉपी केलेली फाइल मात्र नव्या फोल्डरची परवानगी घेते. अशा वेळी ‘सिक्युरिटी’तले ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून, आतल्या सर्व फाइलींना याच फोल्डरच्या परवानग्या लावण्याच्या, ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ ने सुरू होणाऱ्या चौकटीवर खूण करून ‘अप्लाय’ करावे. पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’ हा भागच नसेल, तर घाबरू नये. त्यावरच्या ‘एफएटी३२’सारख्या रचनेत या परवानग्या नसतातच.

जुनी यंत्रे

घरात अजून विंडोज ७ चा एखादा संगणक असेल, तर ‘एसएमबी१’ नावाचा जुना प्रोटोकॉल चालू करा असे सुचवले जाते. तो मुळीच चालू करू नये. विंडोज ७ ला त्याच्या पुढची आवृत्ती कळते. एसएमबी१ लागतो तो विंडोज एक्सपीला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर संगणक कुलूपबंद केले ते याच प्रोटोकॉलमधल्या दोषाचा फायदा घेऊन, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून तो नव्याने टाकलेल्या विंडोजमधून काढला जाऊ लागला. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, हेही ध्यानात असू द्यावे. ‘होमग्रुप’ ही सोय २०१८ मध्येच विंडोज १० मधून काढली गेली आहे, त्यामुळे तिच्या आधारे लिहिलेले मार्गदर्शन आज निरुपयोगी आहे.

खरी अडचण येते ती थेट फोल्डरमध्ये स्कॅन पाठवणाऱ्या जुन्या झेरॉक्स-स्कॅनर यंत्रांची, कारण त्यातल्या काहींना एसएमबी१ शिवाय दुसरे काही येत नाही. अशा यंत्राचे स्कॅन पेनड्राइव्हवर किंवा यूएसबी केबलने संगणकावर घ्यावे.

फाइल ‘लॉक’ झाल्याचा संदेश

सर्व काही सुरळीत असताना एखादीच एक्सेल किंवा वर्ड फाइल ‘रीड-ओन्ली’ म्हणून उघडते आणि ती दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे असे सांगते. बऱ्याचदा ते खरेच असते. पण घरात कोणीही ती उघडलेली नसेल, तर मागच्या वेळी फाइल उघडी असतानाच वीज गेली होती का, ते आठवून पाहावे. ही सॉफ्टवेअरे फाइल उघडी असेपर्यंत तिच्याशेजारी ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणाऱ्या नावाची एक लपलेली छोटी फाइल ठेवतात आणि मूळ फाइल बंद झाल्यावर ती पुसतात. संगणक अचानक बंद पडला तर ती तशीच मागे राहते आणि पुढच्या माणसाला वाटते की फाइल अजून वापरात आहे.

तेव्हा आधी सर्व संगणकांवर ती फाइल बंद असल्याची खात्री करावी. मग मुख्य संगणकावर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडून ‘शेअर्ड फोल्डर्स’मधले ‘ओपन फाइल्स’ पाहावे. तेथे ती फाइल अजून दिसत असेल, तर उजवी क्लिक करून ‘क्लोज ओपन फाइल’ करावे. त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करून फक्त ‘~$’ ने सुरू होणारी ती छोटी फाइल पुसावी आणि मूळ फाइलला हात लावू नये. भरलेली माहिती अर्धवट सेव्ह झाली असण्याची शक्यता राहते, म्हणून फाइल उघडल्यावर शेवटच्या काही ओळी कागदावरच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात.